मुलांचे वाचन : घराची व शाळेची सामायिक जबाबदारी

(पाटण येथे बौद्ध कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



हक्कांविषयी दोन शब्द सांगावेत म्हणून आपण एका वकिलाला येथे बोलावले, आणि मी तर मुलांच्या वाचनाविषयी बोलणार आहे. काहींना हे चमत्कारिक वाटेल. परंतु वीस वर्षे कोर्टकचेरीत काढल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, आपल्या लोकांना जे हक्क कागदावर मिळाले आणि कागदावरच राहिले, त्यांपैकी पुष्कळसे तो कागद कोणी वेळेवर वाचला नाही म्हणून राहिले. १९५८ सालच्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने महारकीचे वतन गेले. ते गेले हे चांगलेच झाले. वतनाच्या जमिनी कब्जेहक्काची रक्कम मुदतीत भरून परत मिळावयाच्या होत्या, आणि मिळालेली जमीन सरकारी परवानगीवाचून विकता येणार नव्हती. ज्यांनी नोटीस वाचली त्यांनी रक्कम भरली. ज्यांनी ती घराच्या आढ्याला खोचून ठेवली, त्यांची नातवंडे आज वकिलाच्या पायऱ्या चढत आहेत.

असेच एक वयस्क गृहस्थ गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आले. सोबत सातवीत शिकणारी नात होती. त्यांनी आणलेला कागद मी त्या मुलीच्या हाती दिला व मोठ्याने वाचावयास सांगितले. तिने तो खणखणीत आवाजात, कोठेही न अडखळता वाचला. आजोबांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते मी विसरणार नाही. मग मी विचारले, “बाळ, यात आजोबांना काय करावयास सांगितले आहे?” मुलगी गप्प राहिली. तीस दिवसांच्या आत लेखी म्हणणे सादर करावे, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि त्या तीस दिवसांपैकी नऊच उरले होते.

त्या मुलीला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. तिला अक्षरे येतात, जोडाक्षरे येतात, परीक्षेत गुणही मिळतात. तिच्या वाचण्यात आजवर पाठ्यपुस्तक व त्याखालील प्रश्नांची उत्तरे यांखेरीज काही आलेच नव्हते. ज्या मजकुरावर कोणी प्रश्न काढून दिलेला नाही, असा मजकूर आपला आपण समजून घेण्याचा सराव तिला नव्हता. हा सराव कागदपत्रे वाचून होत नाही, गोष्टी वाचून होतो. पुढे काय झाले, असे का झाले, हा माणूस खरे बोलतो की खोटे, हे प्रश्न गोष्ट वाचणाऱ्या मुलाला आपोआप पडतात. अशी शंभर पुस्तके वाचलेल्या मुलापुढे नोटीस ठेवा, तो तिच्यातही हेच शोधील.

‘असर’ या नावाची जी पाहणी ग्रामीण भारतात होत असते, तिच्यात पाचवीच्या मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचावयास देतात. तो वाचू शकणारी मुले २०१८ साली शेकडा ५०.५ होती, आणि कोरोनाच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ साली ती ४२.८ वर आली. २०२४ मध्ये आकडा पुन्हा चढला, तरी निम्म्याच्या आतच राहिला. म्हणजे पटावर नाव असलेली निम्मी मुले शाळेत जातात, येतात, आणि त्यांना वाचता येत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी शाळेचा उंबरठा ओलांडण्यासाठी जो झगडा केला, तो उंबरठा ओलांडल्यावर आत काय होते हे पाहण्याचे काम आपले आहे.

याविषयी शिक्षकांना विचारावे, तर ते म्हणतात, घरी वाचनाचे वातावरण नाही. पालकांना विचारावे, तर ते म्हणतात, आम्ही अडाणी माणसे, शिकविणे हे मास्तरांचे काम. कोर्टात दोन्ही पक्ष अशा कैफियती देतात तेव्हा दोघांचेही अर्धे खरे असते आणि दावा वर्षानुवर्षे पडून राहतो. येथे मात्र तारखा पडत आहेत त्या मुलांच्या आयुष्यातून.

आता याच जिल्ह्यातील एक उदाहरण घ्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले. ते नाव आपणांस सांगण्याची गरज नाही. ती शाळा त्या मुलाचे स्वागत करीत नव्हती. तो वेगळ्या जागी, घरून आणलेल्या गोणपाटावर बसे. दुसऱ्याने वरून ओतल्यावाचून त्याला पाणी मिळत नसे. सुभेदार रामजींनी अशा शाळेतून मुलाला काढून घेतले असते तरी त्यांना कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी तसे केले नाही, आणि मुलाचे शिक्षण सर्वस्वी त्या शाळेवरही सोपविले नाही. पुढे मुंबईत परळच्या एका खोलीत बिऱ्हाड होते, तेव्हा मुलाला रात्री लवकर निजवावे आणि दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवावे, असा त्यांनी क्रम ठेवला, कारण दिवसा त्या खोलीत बसावयासही जागा नव्हती. पुस्तकाला पैसे नसले म्हणजे ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत व गहाण टाकून पुस्तक आणीत. पेन्शन आले की दागिना सोडवून परत देत.

याच काळात चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी नेहमी पुस्तक घेऊन बसलेला दिसतो, हे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या लक्षात आले. केळुसकर हे मुंबईतील शिक्षक व ग्रंथकार. भीमराव त्यांचे विद्यार्थी नव्हते. तरीही त्यांनी आपण होऊन चौकशी केली, कोणती पुस्तके वाचावीत ते सांगितले, वाचावयास पुस्तके दिली, घरी येजा ठेवली. सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र या विद्यार्थ्याच्या हाती ठेवले. पुढे महाराज सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकून त्याला महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवून दिली. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना या भेट मिळालेल्या पुस्तकाचा उल्लेख केला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेचा एक धागा असा एका शिक्षकाने दिलेल्या पुस्तकापर्यंत मागे जातो.

ही हकिकत आपण पुष्कळदा ऐकली असेल, पण ती आपण बहुधा एका असामान्य पुरुषाची म्हणून ऐकतो व घरी जातो. मी ती दोन सामान्य कर्तव्यांची म्हणून आपल्यापुढे ठेवीत आहे. बापाने वेळ, जागा व पुस्तक दिले. शिक्षकाने मुलाची आवड ओळखून पुढचे पुस्तक दिले. बापाला मुंबईतील ग्रंथ ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि पहाटे दोन वाजता कंदील लावण्यास शिक्षक येणार नव्हता.

यावर कोणी म्हणेल, सुभेदार स्वतः शिकलेले होते, पलटणीच्या शाळेत शिकवीत होते. आम्हाला ते कसे जमावे? मी विचारतो, मुलाला लवकर निजवून लवकर उठविण्यास कोणती परीक्षा पास व्हावी लागते? ज्या मातेला अक्षर येत नाही, तिनेही संध्याकाळी चुलीशी भाकरी थापताना मुलाला शेजारी बसवून म्हणावे, “वाच, मी ऐकते.” अडेल तेथे तिला सांगता येणार नाही हे खरे. पण ‘मग पुढं काय झालं?’ एवढे तिला विचारता येते. मुलगा वाचून दाखविता दाखविता स्वतःच्या शब्दांत सांगू लागतो, आणि माझ्याकडे आलेल्या त्या मुलीला नेमके तेवढेच येत नव्हते.

हे एका घराने करावयाचे म्हटले म्हणजे कठीण जाते, कारण शेजारच्या घरात दूरदर्शन संच मोठ्याने चालू असतो. म्हणून शेजारच्या सांगली जिल्ह्यात काय घडले ते सांगतो. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. कोरोनाच्या दिवसांत शाळा मोबाइलवर भरल्या. शाळा उघडल्या तरी मोबाइल मुलांच्या हातून सुटेना. शिक्षकांची तक्रार पालकांकडे, पालकांची शिक्षकांकडे, असे सुरू झाले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, गावाने सभा घेऊन ठरविले की, रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजावा, आणि भोंगा वाजला की घराघरांतील संच व मोबाइल बंद व्हावेत. साडेआठपर्यंत मुलांनी वाचावे, लिहावे. पहिल्या दिवसांत ग्रामपंचायतीचे लोक, आशा व अंगणवाडीच्या भगिनी, सेवानिवृत्त शिक्षक घरोघर फिरले व समजावून सांगते झाले. कोणाला दंड नाही, शिक्षा नाही. केवळ वेळ सर्वांची एकच.

मला या योजनेत भोंग्याचे महत्त्व थोडे वाटते. महत्त्व आहे ते मोठ्या माणसांनीही संच बंद ठेवण्याचे. बाप मोबाइलवर बोट फिरवीत ओसरीत बसला आहे आणि मुलाला ‘आत जाऊन वाच’ म्हणतो आहे, या आज्ञेला मूल किती किंमत देईल हे आपण जाणता. आपल्या वस्तीत विहाराची घंटा असेल तर ती वाजवा, नसेल तर ताट वाजवा. गावातील इतर आळ्या येत असतील तर सर्वांनी मिळून एकच वेळ धरावी. मुलांच्या वाचनात वस्ती वेगळी आणि गाव वेगळे असण्याचे कारण नाही, आणि भोंगा कोणत्या इमारतीवर बसविला आहे यावरून रुसून बसण्याचे तर मुळीच नाही. एक दुरुस्ती मात्र मी सुचवीन. दीड तासातील निदान अर्धा तास गृहपाठाचा नसावा. त्या वेळी मुलाने आपल्या आवडीचे पुस्तक वाचावे आणि त्याने काय लक्षात ठेवले याची उलटतपासणी कोणी घेऊ नये. उलटतपासणीने साक्षीदार कसे गप्प होतात ते मी रोज पाहतो.

या अर्ध्या तासाच्या बाबतीत मुलींविषयी वेगळे सांगणे भाग आहे. सातच्या सुमारास घरात पाणी, भाजी, धाकटे भावंड ही सारी कामे मुलीकडे येतात व मुलगा पुस्तक घेऊन बसतो. सावित्रीबाईंचे नायगाव याच सातारा जिल्ह्यातले. जोतिरावांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई नावाच्या मांग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ती शाळा नसती, किंवा तिच्या घरच्यांनी तिला कामाला जुंपून शाळेच्या वेळी अडवून ठेवले असते, तर आपल्या इतिहासातील ते पहिल्या प्रतीचे साक्षीपत्र लिहिलेच गेले नसते. भाकऱ्या अर्ध्या तासाने होऊ द्या.

आता शाळेकडे वळतो. येथे मला वकील म्हणून अधिक बोलता येईल. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने दोन गोष्टी एकाच वेळी संविधानात घातल्या. कलम २१-क अन्वये सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची जबाबदारी राज्यावर आली. कलम ५१-क मध्ये (ट) हा खंड घालून त्याच वयाच्या बालकाला शिक्षणाची संधी देणे हे मातापित्याचे व पालकाचे कर्तव्य ठरविले. पहिले कलम आपल्या सभांतून पुष्कळ ऐकू येते. दुसऱ्याचा उच्चार मी फारसा ऐकलेला नाही.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम आपण कोणाकडून तरी वाचून घ्यावा. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत कोणत्या सोयी असाव्यात ते लिहिले आहे. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल, त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व सर्व विषयांची पुस्तके असतील, आणि त्यांत गोष्टीची पुस्तकेही असतील, असा त्याचा आशय आहे. गोष्टीची पुस्तके हा शब्द कायद्यात आहे, हे लक्षात ठेवा. ‘अवांतर वाचनाला वेळ कोठे आहे’ असे कोणी म्हणाले तर हा शब्द दाखवा. कलम २४ अन्वये पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता व प्रगती यांविषयी त्यांना माहिती देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. आणि कलम २१ अन्वये प्रत्येक सरकारी, जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील बालकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व असावे, असे सांगितले आहे. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. अनुदानित शाळेत तिचे काम सल्ल्यापुरते आहे, पण आपल्या डोंगरकपारीतील बहुतेक प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्याच आहेत.

कायदा एवढे देतो. प्रत्यक्षात काय होते? समितीचे इतिवृत्त घरी सहीला येते आणि आपली भगिनी न वाचता सही करते. पोषण आहार, गणवेश, छपराची गळती यांवर सभेत वाद होतात. ते व्हावेतच. ग्रंथालयाचा विषय मात्र कोणी काढीत नाही. आपण शाळेत जाऊन एकच प्रश्न विचारा. पुस्तकांचे कपाट कोठे आहे आणि त्याची किल्ली कोणाजवळ असते? कित्येक शाळांत पुस्तके असतात, कोरी असतात, आणि कुलुपात असतात.

येथे शिक्षकाची बाजूही न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. पुस्तके डेड स्टॉक रजिस्टरला चढलेली असतात. एखादे फाटले वा हरवले तर तपासणीच्या वेळी जाब त्यालाच द्यावा लागतो. कोयनेच्या, मोरणेच्या, वांगेच्या खोऱ्यांतील वाड्या-वस्त्यांवर एक किंवा दोन शिक्षक सर्व वर्ग सांभाळतात, पावसाळ्यात ओढे ओलांडून शाळा गाठतात, आणि वर कागदांचा भार वेगळा. असा माणूस कपाटाला कुलूप लावतो ते दुष्टपणाने लावीत नाही. त्याची भीती समितीने दूर करावी. समितीने ठराव करावा की, पुस्तके मुलांना घरी देण्यात यावीत, वापराने जीर्ण झालेल्या पुस्तकांचे निर्लेखन करण्यास समितीची संमती आहे, आणि त्याबद्दल शिक्षकास वैयक्तिक जबाबदार धरू नये अशी समिती शिफारस करते. फाटलेली पाने शिवण्याचे काम आठवड्यातून एकदा दोन पालकांनी करावे. वहीत नोंद करून पुस्तक देण्याघेण्याचे काम पाचवी-सहावीची मुले चोख करतात.

आपल्या तालुक्यातील किती घरांचा कर्ता पुरुष मुंबईला आहे, हे मी आपणांस सांगावयास नको. माथाडी कामगारांची चळवळ उभारणारे अण्णासाहेब पाटील हे याच तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे. त्या काळापासून गोदीत, बाजारात, आता वाशीच्या बाजारसमितीत येथील माणसे राबत आहेत. अशा घरात शाळेला भेटावयास आई किंवा आजीच उरते. मुंबईच्या बंधूंना माझा निरोप पोचवा. सणाला येताना खाऊ व कपडे आणता, त्यांबरोबर एक पुस्तक आणा. आणि रात्री घरी दूरध्वनी करता तेव्हा ‘अभ्यास केलास का?’ एवढे विचारून न थांबता मुलाकडून एक पान वाचून घ्या. ज्या यंत्राविषयी मी आताच तक्रार केली, त्याचा हा उपयोग मला मान्य आहे.

पुस्तके कोणती, असे आपण विचाराल. धम्म स्वीकारल्यावर आपण घरातील जुन्या पोथ्या, व्रतांच्या कहाण्या दूर केल्या. ते योग्यच होते. पण त्या कहाण्यांबरोबर संध्याकाळी आजीने गोष्ट सांगण्याची वेळही कित्येक घरांतून उठून गेली, आणि ती जागा कोणी भरली नाही. जातककथा आहेत, त्या वाचा. बाबासाहेबांचे चरित्र प्रत्येक घरी असावे. पण मुलाला केवळ चरित्रे व पुस्तिका देऊ नयेत, असे माझे मत आहे. ज्यांनी राजगृहात ग्रंथांसाठी घर बांधले, त्यांच्या कपाटांत सर्व विषयांची पुस्तके होती. मुलाला प्राण्यांविषयी, यंत्रांविषयी, हेरांविषयी, भुतांविषयी वाचू द्या. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे व त्याचे जुने अंक विनामूल्य वाचावयास मिळतात. मोठ्या मुलांना आपल्याच भागातील माणसांची पुस्तके द्या. आटपाडीच्या तराळाचे चिरंजीव शंकरराव खरात वकील झाले, ‘प्रबुद्ध भारत’चे संपादक झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्यांचे ‘तराळ-अंतराळ’ द्या. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले. त्यांची ‘फकिरा’ द्या. ही नावे ऐकून मूल विचारील, हे गाव येथून किती लांब आहे? तो प्रश्न त्याने विचारला की निम्मे काम झाले.

१५ ऑक्टोबरला शाळाशाळांतून वाचन प्रेरणा दिन होतो, ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस होतो, त्या दिवशी पुस्तके कपाटातून बाहेर येतात, छायाचित्रे निघतात. महाबळेश्वर तालुक्यातील भिलारला २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले आहे, तेथे घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत. सहल काढून जरूर जाऊन यावे. मला चिंता आहे ती ८ नोव्हेंबरची.

आता करावयाचे काय ते सांगतो. समितीच्या पुढील सभेपूर्वी मुख्याध्यापकांना, जे समितीचे सचिव असतात, एक साधा अर्ज द्यावा. ग्रंथालयात किती पुस्तके आहेत, गेल्या वर्षी किती मुलांना किती पुस्तके घरी दिली, आणि वर्तमानपत्र येते किंवा नाही, एवढी विचारणा करावी व हा विषय सभेपुढे घेण्याची विनंती करावी. भाषा सौम्य ठेवावी. शिक्षक हा आपला प्रतिवादी नव्हे. दोन सभा होऊनही काही न घडल्यास पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना लिहावे. तेथेही दाद न मिळाल्यास कलम ३२ अन्वये स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करता येते, व तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. हा पहिला अर्ज वकिलाकडून लिहून घेऊ नये. घरातील सातवी-आठवीच्या मुलामुलींना बसवून त्यांच्याकडून लिहून घ्यावा, त्यात काय लिहिले आहे ते त्यांच्या शब्दांत समजून घ्यावे, मगच सही वा अंगठा करावा. दोन प्रती काढाव्यात, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेऊन ती आपल्याजवळ ठेवावी. आढ्याला खोचू नये.